टाकी वर आलीया का बघ

पहाटे चूल पेटवायच्या आधी आई परड्याकडं तोंड करून हाक मारायची, "टाकी वर आलीया का बघ गं!" मी डोळे चोळत गोठ्यामागं जायची. तिथं जमिनीत बांधलेल्या विटांच्या विहिरीत काळी लोखंडी टाकी उपडी बसवलेली होती. रात्रभर आत गॅस साठला की ती टाकी आपसूक वर उचलली जायची. अण्णांनी तिच्या अंगावर पांढऱ्या रंगाच्या दोन रेघा ओढल्या होत्या. खालची रेघ दिसली तर चहा आणि कालवण, वरची दिसली तर भाकरीसुद्धा. मी गोठ्यातूनच ओरडून सांगायची, "वरची दिसतीया!" मग आईचा चेहरा खुलायचा. त्या दिवशी धूर नाही, फुंकणी नाही, डोळ्यांतून पाणी नाही.

माझं माहेर कराड तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. दारात दोन बैल, दोन म्हशी आणि एक गाय. गोबरगॅस आला तो 1984 साली. केंद्र सरकारचा राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प 1981-82 मध्ये सुरू झाला होता आणि त्याचं अनुदान गावागावांत पोचायला लागलं होतं. दोन घनमीटरच्या टाकीला रोज साधारण 50 किलो शेण लागतं; म्हणजे चार-पाच जनावरं दारात असली की पाच-सहा माणसांचा स्वयंपाक निघतो. अण्णांनी हा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर मांडला, शेजाऱ्याकडून उसने पैसे घेतले आणि बांधकाम काढलं. तपासणीला साहेब आले तेव्हा अख्खी आळी गोळा झाली होती. अण्णांनी काडी ओढली. शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. साहेबांनी कागदावर सही केली आणि काही महिन्यांनी अनुदान आलं.

आजीनं मात्र पहिले पंधरा दिवस त्या भाकरीला हात लावला नाही. "शेणाच्या वाफंवरची भाकरी मी खायची न्हाई," म्हणून ती स्वतःपुरती चूल पेटवून बसायची. पुढं पावसाळ्यात जळण ओलं झालं, घरभर धूर कोंडला, आणि एके दिवशी तीच म्हणाली, "आगं, लाव ती तुजी शेगडी."

आज हे आठवताना मला आणखी एक गोष्ट दिसते. त्या घरातून बाहेर टाकायचं असं जवळजवळ काही निघतच नव्हतं. टाकीतून बाहेर पडणारी रबडी उसाला जायची. गोठ्यातला आणि घरातला केर उकिरड्यावर, आणि उकिरडा मृगाच्या आधी बैलगाडीनं शेतात. जुनी लुगडी गोधडीत. चुलीची राख भांडी घासायला. विंचरताना गळलेले केससुद्धा आई भिंतीच्या फटीत साठवून ठेवायची, कारण केसांवर फुगे देणारा यायचा. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. भंगारवाला आला की आम्ही पोरं गंजलेले खिळे, फुटक्या बादलीची कडी, पत्र्याचे डबे घेऊन धावायचो. गुऱ्हाळावर तर उसाच्याच चिपाडावर काहील उकळायची. बाहेरचं जळण लागायचंच नाही.

पण म्हणून तो काळ सोन्याचा होता, असं मी म्हणणार नाही. ते सगळं चक्र आईच्या दोन हातांवर फिरत होतं. हिवाळ्यातल्या पहाटे गार पाण्यात शेण कालवणारे ते हात मी पाहिलेत, बोटांच्या भेगांत तेल भरून निजणारी आई पाहिलीय. आणि त्याच गावात पाणंदीनं जाताना पदर नाकाला लावावा लागायचा, हेही खरं. त्या पाणंदी स्वच्छ व्हायला 2000 साल उजाडावं लागलं. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते आणि त्यांनी संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. सरकारनं बक्षीस ठेवलं आणि गावं खराटे घेऊन उठली. कोरेगाव तालुक्यातलं धामणेर त्यातूनच राज्यभर माहीत झालं. सरकारी पैसा गावाच्या स्वाभिमानाला जाऊन भिडला की काय होतं, ते आमच्या दोन्ही जिल्ह्यांनी तेव्हा पाहिलं.

दोन्ही म्हणते, कारण माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं आणि सासर विट्याचं, सांगली जिल्ह्यातलं. कृष्णेच्या पाण्यावरून मी खानापूरच्या माळावर आले. इथं पाऊस कमी, म्हणून पिढ्यान् पिढ्या माणसं गलाईच्या धंद्याला बाहेर पडली. भारतातल्या कुठल्याही शहरात सराफ कट्ट्यावर जा, जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा माणूस बहुतेक विटा, खानापूर, आटपाडी नाहीतर माण-खटावकडचा निघतो. माझे सासरेही ऐन उमेदीची वर्षं मदुराईला होते. सोनाराच्या दुकानात झाडून काढलेला केर ते विकत घ्यायचे. तो जाळायचा, धुवायचा, गाळायचा, आणि तळाशी उरलेला कण मुशीत वितळवायचा. "केर म्हणू नगंस सूनबाई, त्यात काय हाय ते कळंपर्यंत," असं ते मला सांगायचे. विटा पुढं कचऱ्यासाठीच देशात पहिलं यावं, याचं मला म्हणूनच फारसं नवल वाटलं नाही.

त्याआधीची वर्षं मात्र वाईट गेली. दुधाची पिशवी आली, शॅम्पूची पुडी आली, गुटख्याच्या माळा टपऱ्यांवर लटकल्या. उकिरड्यावर जे पडेल ते कुजतं, ही पिढ्यांची खात्री होती, ती मोडली. प्लास्टिक मिसळलेलं खत शेतकरी नको म्हणू लागले. शहरांनी मग जुनाच उकिरडा मोठा करून गावाबाहेर नेला. सांगलीत समडोळी रस्ता, मिरजेत बेडग रस्ता, साताऱ्यात सोनगाव. ज्या रस्त्यांची नावं पूर्वी फक्त गावाला जाताना निघत, ती कचरा डेपोची नावं झाली. ओला कचरा ढिगाखाली दडपला, हवा मिळाली नाही, की तो कुजून मिथेन तयार होतो. आईच्या शेगडीत जळायचा तोच हा वायू. टाकीत धरला तर भाकरी भाजतो. ढिगातून मोकळा सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ 28 पट उष्णता धरून ठेवतो. डेपो पेटले की आजूबाजूच्या गावांनी धुरात रात्री काढल्या. आणि 2005, 2019, 2021 असं तीन वेळा कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. पाणी उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांना भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं आणि प्लास्टिकचे जे डोंगर उभे राहिले, ते ज्यानं पाहिले त्याला हवामान आणि कचरा हे दोन वेगळे विषय वाटणार नाहीत.

आमच्या माहेरच्या टाकीचं काय झालं, ते इथं सांगायलाच हवं. दहा-बारा वर्षांनी तिला गंज चढला. एका बाजूनं भोक पडलं. अण्णा दुरुस्तीला काही मदत मिळते का, म्हणून विचारायला गेले. अनुदान बांधायला होतं, दुरुस्तीला नव्हतं. वेल्डिंग करणारा गावात नव्हता, आणलेल्यानं केलेलं काम टिकलं नाही. तोवर सिलिंडर आला, बैल विकले, शेण कमी पडायला लागलं. आळीतले सहा गोबरगॅस असेच एकामागून एक बंद पडले. शेवटी टाकी भंगारवाल्याच्या काट्यावर चढली. मी तेव्हा माहेरी गेले होते. काळ्या पत्र्यावरच्या त्या दोन पांढऱ्या रेघा अजून पुसल्या नव्हत्या.

ते लोखंड कुठल्यातरी भट्टीत वितळून पुन्हा कामाला लागलं असेल, एवढं समाधान. आमच्या भागाला भट्टी नवी नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 सालचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, भांडवल दिलं, आणि त्या माळावर लोखंडी नांगर घडले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगत. तोफेचा नांगर! सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक वस्तू कशासाठी वापरायची, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता आजचं. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांमध्ये 2020 साली देशात पहिलं आलं कराड. 2021 साली विटा. 2022 साली पाचगणी. ओळीनं तीन वर्षं, आणि तिन्ही गावं आमच्या दोन जिल्ह्यांतली. माझं माहेर ज्या तालुक्यात ते कराड आणि सासर ते विटा, लागोपाठच्या वर्षी! 2021 च्या नोव्हेंबरात निकाल लागला त्या संध्याकाळी मी घंटागाडीवरच्या बाईंना पेढा दिला. त्यांनी हातमोजा काढून तो घेतला. पाचगणीत तर जिथं कचरा टाकला जाई, ती जागा आज पर्यटक बघायला जातात.

या यशामागं लोकांची शिस्त आहे, नगरपालिकांची जिद्द आहे आणि पैसाही आहे. पैशाचं बोलायला आपण उगाच लाजतो. 2014 चं स्वच्छ भारत अभियान, 2021 च्या ऑक्टोबरात सुरू झालेला त्याचा दुसरा टप्पा, राज्याचं माझी वसुंधरा अभियान, वित्त आयोगाचा निधी, हे सगळं नसतं तर घंटागाड्या, वर्गीकरणाची शेड, खताचे हौद, गठ्ठे बांधणारं यंत्र यांतलं काहीच उभं राहिलं नसतं. अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाच्या आतल्या शहरांना घनकचरा प्रकल्पाच्या खर्चात केंद्राचा वाटा 50 टक्के ठेवला. गावच्या कचऱ्यापासून झालेल्या खताला राज्यानं 'हरित महासिटी कंपोस्ट' असं नावही दिलं. आईची रबडी उसाला जायची. आता शहराचं खत शिवारात जावं, ही तीच वाट आहे.

मी एका शेडमध्ये दोन तास उभी राहून आले. पट्टा सरकत असतो. दोन्ही बाजूंना बायका, तोंडाला फडकं, हातात मोजे. पुठ्ठा इकडं, बाटल्या तिकडं, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, चमकणारी वेफर्सची पाकिटं वेगळी, कारण त्यांना भंगारात भाव नाही. ती सिमेंटच्या कारखान्याकडं जाळायला पाठवतात. हात इतके झरझर चालतात की डोळा पुरत नाही. त्यातली एक मावशी मला म्हणाली, "ताई, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून टाकू नगा. नुसती चीर द्या. त्यो बारका तुकडा आमाला धरता येत न्हाई, पट्ट्यावरनं खाली जातो, मातीत जातो." त्या दिवसापासून मी कोपरा कापलेला नाही.

पण शेडच्या एका कोपऱ्यात प्लास्टिकचे तुकडे करणारं यंत्र ताडपत्रीखाली झाकलेलं होतं. "बंद हाय. पट्टा तुटलाय, चार म्हयने झालं," मावशी म्हणाली. माझ्या पोटात कालवलं. मला त्या ताडपत्रीखाली अण्णांची टाकीच दिसली.

दुखणं इथंच आहे. अभियानाचा पैसा उभारणीला येतो. रोज चालवायला लागणारी वीज, डिझेल, तुटलेला पट्टा, त्या मावशीचा पगार, तिचे मोजे, हा खर्च नगरपालिकेनं घरपट्टीतून, स्वच्छतेच्या करातून आणि वित्त आयोगाच्या बंधित निधीतून भागवायचा. पंधराव्या वित्त आयोगानं नगरपालिकांना द्यायच्या निधीतला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता-कचरा या दोन कामांसाठी बांधून दिला, म्हणून पुष्कळ ठिकाणी गाडा चालला. त्या आयोगाची मुदत 31 मार्च 2026 पर्यंतच होती. लहान गावाची घरपट्टी ती किती असणार! मिथेन रोखल्याचा फायदा साऱ्या जगाला आणि पट्टा बदलायचा खर्च पन्नास हजार वस्तीच्या गावाला, ही वाटणी मला न्यायाची वाटत नाही. केंद्रानं आणि राज्यानं प्रकल्पाबरोबर निदान दहा वर्षांच्या देखभालीचा पैसा बांधून द्यावा आणि तो, किती कचरा खरोखर खतात आणि भट्टीत गेला, हे मोजून द्यावा. बांधकामाचे फोटो बघून नाही.

उसाच्या पाचटाचंही दुखणं यंत्राचंच. पूर्वी पाचट छपराला जायचं, गुरांखाली अंथरायला जायचं. आता तोडणी झाली की रात्री फड पेटतात आणि सकाळी दाराच्या उंबऱ्यावर काळी राख येते. पाचटाची कुट्टी करून ते सरीत कुजवता येतं. पण प्रत्येकाला यंत्र परवडत नाही. ते गावात भाड्यानं, वेळेवर मिळायला हवं.

आई आता ऐंशीच्या पुढं आहे. गेल्या वेळी तिला शेडमधल्या, ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या गॅसच्या टाकीचा फोटो दाखवला, तर तिनं चष्मा वर करून विचारलं, "ह्याचा गंज कोण काढतंय?"

तोच प्रश्न आपण विचारायचा आहे. दर फेब्रुवारीत आपापल्या नगरपालिकेचं अंदाजपत्रक सभागृहापुढं येतं. ते मागून घ्या. घनकचरा प्रकल्पाच्या दुरुस्ती-देखभालीला आणि पट्ट्यावरच्या बायकांच्या पगाराला किती रक्कम ठेवली आहे, तेवढा एक आकडा बघा. कमी असेल तर आपल्या नगरसेवकाला गाठून बोला, आमदार-खासदारांना लिहा. आणि दुधाच्या पिशवीला नुसती चीर द्या.