शेंड्याचं वय

चिपळूण
७ डिसेंबर २०२५

चि. मुक्ता,


फोटो पाहिला. वेणीची शेवटची वीत अगदी केरसुणी झाली आहे, आणि खाली तुझी तक्रार, ‘मावशी, नागपूरची हवा माझे केस खातेय.’ हवेचा दोष आहे, पण सगळा नाही. फोनवर सांगितलं असतं तर ‘हो गं’ म्हणून विसरली असतीस, म्हणून हे पत्र. कपाटाच्या दाराला आतून चिकटव.

आधी एक हिशोब. केस महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो. तुझी वेणी कमरेपर्यंत, धर साठ सेंटिमीटर. कर भागाकार. टोकाचं वय चार-पाच वर्षांचं निघतं. म्हणजे आज जो शेंडा तुझ्या पाठीवर घासतोय, तो २०२१ च्या पावसाळ्यात टाळूतून वर येत होता. २२ जुलैला वाशिष्ठी नदी घरात शिरली, तेव्हा तू, तुझी आई आणि मी माळ्यावर बसून जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो, किती बुडाल्या म्हणून. नंतर आठवडाभर नुसता चिखल उपसला, आणि तुझं डोकं मी टँकरच्या अर्ध्या बादलीत धुतलं. त्या दिवसांतला केस तुझ्या वेणीच्या टोकाला आहे अजून. त्यानंतर त्याने काय काय सोसलं बघ: पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन, ताईच्या लग्नात त्याच्यावर फिरवलेली ती तापती इस्त्री, रोजचा रबरबँड, आणि आठवड्याला दोनदा म्हटलं तरी साडेचारशेच्या वर न्हाणी. इतक्या धुण्यानंतर सुती साडीचंही पोतेरं होतं.

माझ्या कपाटातलं तुझ्या आजीचं रेशमी लुगडं तू पाहिलं आहेस. रेशीम काय नि केस काय, दोन्ही प्रथिनांचेच धागे, आणि दोन्हींत जीव नाही. त्या लुगड्याला मी काही ‘पोषण’ देत बसत नाही. मलमलीत गुंडाळते, अधूनमधून घडी मोडून वेगळी घालते, आणि त्याच्याशी ओढाताण करत नाही. शेंड्यांचं तेवढंच करायचं असतं. मी हे उशिरा शिकले. पंचविशीत असताना कुणाचं तरी ऐकून केसांना दोन अंडी थापली आणि वर कढत पाणी ओतलं. अंडं डोक्यातच शिजलं. तुझी आई आणि मी दुपारभर केसांतून बुर्जी वेचत होतो. त्या अंड्यातलं प्रथिन इतकं मोठं असतं, की न शिजतं तरी केसात शिरलं नसतंच.

केसावर बाहेरून खवले असतात, आपल्या घरावर कौलं असतात तसे, एकावर एक, तोंड खालच्या बाजूला. मुळाजवळ ती कौलं जागच्या जागी असतात. शेंड्याशी येईतो सरकलेली, फुटलेली, काही ठिकाणी नाहीतच. तिथून पाणी भसकन आत जातं नि तसंच उडून जातं. त्यात टाळूचं तेल खालपर्यंत पोचत नाही, आणि तुझे केस कुरळे. त्या तेलाला कुंभार्ली घाट उतरून यायचं आहे. म्हणून मुळं तेलकट आणि टोकं राठ, दोन्ही एकाच डोक्यावर. यात तुझं काही चुकत नाहीये.

आता रात्री काय करायचं ते. वेणी सोडून बोटं पाण्यात बुडवायची आणि शेवटची चार-पाच बोटं लांबी जेमतेम दमट करायची. निथळता कामा नये. फार भिजला की केस फुगतो, सुकला की आक्रसतो, आणि रोज फुगून-आक्रसून तो आणखी कमजोर होतो. मग खोबरेल. तुझी बाटली या दिवसांत गोठली असेल, ते बरंच. काडीने तुरीच्या डाळीएवढं काढ. ते तळव्यांवर चोळून नाहीसं झालं की फक्त शेंड्यांवरून हात फिरव. तळवे ओघळत असतील तर तेल जास्त झालं. तेल पाणी देत नाही, हे लक्षात ठेव. असलेल्या पाण्याला फक्त दार लावून घेतं. म्हणून आधी दमट, मग तेल. आजी म्हणेल, ओल्या केसांना तेल लावू नये. तिचं म्हणणं न्हाऊन आलेल्या गच्च केसांबद्दल आहे, आणि तिथे ती बरोबर आहे.

खोबरेलच का? २००३ साली मुंबईच्याच संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल लावून केस तपासले. केसातलं प्रथिन धुपून जाणं कमी केलं ते एकट्या खोबरेलानं; त्यातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ, म्हणून ते आत शिरतात. हे संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगून ठेवते. तरी माझा अनुभव त्यांच्याच बाजूचा आहे. न्हायच्या आदल्या रात्री मात्र हात जरा सैल सोड. शेंड्यांना तेल असलं की न्हाताना पाणी कमी शिरतं. शाम्पू टाळूपुरता, टोकांना त्याचा ओघळ पुरतो. आणि कोंडा असेल तर मुळांना तेल अजिबात नको, कोंड्याची बुरशी तेलकटपणावर पोसते.

तुझ्या रूममेटचं सिलिकॉनचं सीरम वाईट नाही. आपल्या घरात उगीच नाक मुरडतात. त्याने केस केसावर घासत नाही, सरकतो. सकाळी एक थेंब लाव खुशाल. ग्लिसरीन मात्र तिकडच्या कोरड्या थंडीत नको. ते हवेतली ओल ओढतं, आणि हवेतच नसेल तर बिचारं कुठून आणणार? इथे चिपळुणात पावसाळ्यात लावलं तर केस चिकट-ओले राहतात, तो वेगळाच त्रास. त्यापेक्षा तुमच्याकडे जवस मुबलक आहे. चमचाभर जवस कपभर पाण्यात उकळ, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम आहे तोवरच गाळ, आणि ग्लिसरीनच्या जागी तेच लाव. निवलं की गाळणीतून एक थेंब खाली उतरत नाही, मी अर्धं पातेलं असं फेकलं आहे. होस्टेलवर फ्रिज नाही, तेव्हा दोन दिवसांपुरतंच कर.

झोपताना वेणी सैल. रबरबँड फेकून दे. सोबतच्या पाकिटात माझ्या जुन्या मलमलच्या साडीच्या चार पट्ट्या फाडून ठेवल्या आहेत. एकीने वेणीचं टोक गुंडाळ, तिच्याच गाठीने बांध. उशीचा जाडाभरडा सुती अभ्रा रात्रभर शेंडे खरवडतो, म्हणून हे.

आणि जिथे फाटे फुटलेत तिथे काही जुळत नाही, कुठल्याही बाटलीने. तिथे कात्रीच. संक्रांतीला येशील तेव्हा मागच्या पडवीत बसवून बोटभर कापते. वार आजीला विचारून ठेवते, नाहीतर ती दिवसभर बोलत राहील. बोटभर म्हणजे जवळजवळ पुराचंच टोक. ठेवायचं असेल तर तसं कळव; मग नुसते फाटे तेवढे टिपून काढते.

तुझी
मावशी