तेलाआधी फडकं
रेडिओ लावताच आपोआप वर सरकणारा अँटेना ही 1980 आणि 1990च्या दशकांतल्या कित्येक गाड्यांची देखणी सोय. तो कुरकुरू लागला की लोक लगेच ग्रीस फासतात, आणि ते मला साफ चुकीचं वाटतं. आवाज बहुधा एकात एक सरकणाऱ्या नळ्यांवर साचलेल्या धुळीचा आणि वाळलेल्या वंगणाचा असतो. त्यावर जाड ग्रीस दिलं की नवी धूळ चिकटते, मोटारीवरचा भार वाढतो. नळ्यांना ढकलणारी दातेरी दोरी बहुतेक गाड्यांत नायलॉनची. दांडा अडला की तिचे दाते झिजतात, कधी ती तुटतेच. म्हणून दांडा पूर्ण वर असताना आधी मऊ फडक्याने स्वच्छ पुसावा, मगच पातळ तेलाचा जेमतेम हात फिरवावा, दोन-चारदा वरखाली करून सुटलेला मळ पुन्हा टिपावा.

तेल दिल्याबरोबर आवाज थांबतो, मग पुसायचा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. थांबतो खरा; पण भिजलेला मळ दांड्याबरोबर आत जातो आणि काही दिवसांनी तीच कुरकुर परतते. दांडा वाकलेला असेल तर मात्र फडकं आणि तेल दोन्ही व्यर्थ, तो बदलावाच लागतो.