ठिय्या मारून बसलेलं दल

सातारा-सांगलीत कुठल्याही पक्षामागे काहीतरी इस्टेट असते. कुणाचा कारखाना, कुणाचा दूध संघ, कुणाची शिक्षण संस्था. धरणग्रस्त-दुष्काळग्रस्तांसाठी लढणाऱ्या श्रमिक मुक्ती दलाची इस्टेट म्हणजे कलेक्टर कचेरीसमोर बूड टेकण्यापुरती जागा. तिथे एकदा सतरंज्या पडल्या, भाकरीची फडकी सुटली, की उठायची घाई त्याला नसते. घाई होते ती आत बसलेल्या साहेबांना.

जन्म १९८० चा, पत्ता कासेगाव, तालुका वाळवा. ते उभं करणारे भारत पाटणकर डॉक्टरकी शिकले, पण दवाखाना थाटला नाही. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला आल्या आणि पाटणकरांशी लग्न करून कासेगावच्याच झाल्या. पाटणकरांचे आईवडील, इंदुताई आणि बाबूजी, इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारातले. सरकारला तोंडावर नाही म्हणण्याची सवय या घराला जुनीच. मार्क्स, फुले, आंबेडकर हे तिघे दलाने एकाच पंगतीला बसवले, तेही अशा काळात जेव्हा प्रत्येकाचे भक्त दुसऱ्याचं पान वाढू देत नव्हते.

१९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्या थंडावल्या. खानापूर तालुक्यातले गिरणी कामगार गावी परतले, तर पुढे दुष्काळ उभा. रोजगार हमीवर खडी फोडता फोडता त्यांनी दुष्काळच हटवणारी कामं मागितली. पुढे दलाच्या साथीने येरळा नदीतली वाळू विकून लोकांनी बळवडी-तांदूळवाडीला बळीराजा धरण बांधलं, आणि पाण्यात वाटा भूमिहीनालाही, असं ठरवलं. आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या जोडीने दल बसलं, ते पाणीवाटपाच्या याच हिशेबाने.

पण दलाचा स्वभाव खरा घडला तो बुडालेल्या घरांवर. कोयना धरणाचा शिवाजीसागर भरला साठच्या दशकात; राज्याचा पुनर्वसन कायदा आला १९७६ साली. म्हणजे पाटण-जावळीतली माणसं कायदा जन्मायच्या आधीच उठवली गेली. कोण उठला, कुठे टेकला, याचं धड संकलन नाही. मग दल कारकुनी शिकलं, आणि माझ्या मते त्याची खरी कमाई हीच. संकलन, स्लॅब, कब्जेपट्टी, ६५ टक्के रक्कम हे शब्द त्याने कचेरीतून उचलून चुलीपाशी नेले. नव्या गावठाणाला द्यायच्या अठरा नागरी सुविधा आता तिथल्या म्हातारीलाही माहीत असतात. अंगठा उठवणारी ही बाई तलाठ्याला विचारते, त्यातली स्मशानभूमी कुठाय?

दलाला कुणी लोकानुनयी म्हटलं तर मला गंमत वाटेल. लोकानुनयी पक्ष फुकट देण्याचा शब्द देतो. हे दल मोबदल्यातले ६५ टक्के सरकारात भरा म्हणून सांगतं, आणि मग जमीन कशी मिळवायची ते.

मताच्या दिवशी मात्र त्याची पंचाईत होते. ठिय्यातला माणूस घरी जातो, त्याचा ऊस कारखान्याला जायचा असतो, सवलतीची साखर तिथूनच यायची असते. मत त्या वाटेने जातं. स्पेनमध्ये घरजप्तीविरुद्ध लढलेल्या आदा कोलाऊ २०१५ साली बार्सिलोनाच्या महापौर झाल्या. इथे घरासाठी बसणारा पुन्हा बसायलाच येतो. मुंबईत बैठक होते, इतिवृत्त निघतं, ते खाली पोचेपर्यंत अधिकारी बदलतो. नव्या साहेबाला पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचं कामही दलाकडेच. इतकं सगळं डॉ. पाटणकरांच्या एका आवाजावर तोललेलं असावं, ही मला त्याची कमजोरी वाटते.

२०१८ साली कोयनानगरला दल पुन्हा बसलं, तेव्हा धरण भरून अर्धशतक उलटून गेलं होतं. मूळ खातेदार बहुतेक गेलेले. वारस वाढले, एका बुडालेल्या घराचे चार-पाच उंबरे झाले. प्लॉट खात्यामागे द्यायचा की उंबऱ्यामागे, यावर दलाचं आणि कचेरीचं तेव्हाही जमत नव्हतं.