उतरलेले भाडे

सुलतान बाजारात ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना भाव करण्याचा संकोच सहसा नसतो. परंतु या पेठेचा एक अलिखित दंडक आहे. घासाघीस करावयाची ती पैसे मोजण्यापूर्वी. पातळ एकदा पिशवीत पडले की शेजारच्या दुकानात तेच शंभर रुपयांनी स्वस्त दिसले तरी न पाहिल्यासारखे करून पुढे जावयाचे. कोठीच्या रेसिडेन्सीच्या आश्रयाने वाढलेली ही पेठ पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणूनच ओळखली जाई. इंग्रज गेले, निजामी गेली, २०२० साली दुकानांच्या डोक्यावरून मेट्रो धावू लागली. दंडक मात्र टिकून आहे. आमच्या मराठी घरांतून तर त्याला कुलीनतेचे लक्षण मानण्यात येते.

तो सर्वत्र लागू पडतो काय, हा प्रश्न यंदा आमच्यापुढे उभा राहिला तो जहाजाच्या भाड्यामुळे.

आमच्या सासूबाईंचे माहेर रत्नागिरीकडचे. लग्न होऊन त्या हैदराबादेस आल्या आणि समुद्राला अंतरल्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचे, डेकवर वळकटी पसरायची आणि बंदर आले की पडावात उतरायचे, हे वर्णन आम्ही जावई झाल्यापासून ऐकत आलो आहोत. कोकणची ती बोट केव्हाच इतिहासजमा झाली. ऐंशी उलटल्यावर ‘एकदा बोटीत बसवा’ एवढेच त्यांनी मागितले, तेव्हा सिंगापूरहून निघून पेनांग व फुकेत दाखवून परत येणाऱ्या जहाजाचा बेत ठरला. तेलंगणात शाळांना दसऱ्याची दीर्घ सुट्टी मिळते. शिवाय सरकारी नोकराला परदेशी जावयाचे तर खात्याची परवानगी काढावी लागते. तेव्हा गेल्या डिसेंबरातच चौघांसाठी दोन खोल्या राखून ठेवल्या. त्याही आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या. मुख्याध्यापकाच्या वेतनात समुद्र विकत घेता येतो, समुद्राचे दर्शन घेता येईलच असे नाही!

आषाढात कन्येने सहज चौकशी केली, तो त्याच जहाजाच्या, त्याच फेरीच्या, तशाच खोलीचे भाडे चौदा हजारांनी उतरलेले. दोन खोल्यांचे अठ्ठावीस हजार. घरात तत्काळ दोन पक्ष पडले. सासूबाईंचा निकाल स्वच्छ होता: ‘ठरलं ते ठरलं. आता पैसे मागायला जायचं म्हणजे शोभा.’ सौभाग्यवतींनी शोभेची किंमत अठ्ठावीस हजार असू नये, एवढेच सुचविले.

आम्ही करारपत्र पुन्हा वाचावयास घेतले. आमच्याकडून गेली होती ती अनामत, सुमारे चौथा हिस्सा. उरलेली रक्कम भरण्यास प्रवासापूर्वी ठरावीक दिवसांची मुदत होती, आणि त्या मुदतीपर्यंत आरक्षण रद्द केल्यास अनामत परत मिळण्याची सोय होती. (सर्वच आरक्षणांत ही सोय नसते, काही ठिकाणी भाडे थोडे कमी ठेवून अनामत न परतण्याची अट घालतात.) म्हणजे आम्ही दिला होता तो इसार, खरेदीखत व्हावयाचे होते. उद्या सौदा मोडून परवा नव्या भावाने तोच करण्यास कोणाची हरकत नव्हती. मग मोडल्याचे आणि पुन्हा केल्याचे नाटक न करता भाव तेवढा बदलून द्या, असे म्हणण्यात अशिष्ट ते काय? शिवाय दंडकाला दोन बाजू हव्यात. २०१४ साली रेल्वेचे भाडे वाढले तेव्हा आधी तिकिटे काढलेल्यांकडूनही वाढीचा फरक वसूल करण्याचा आदेश निघाला होता. २०२५ च्या जुलैमधील वाढीत रेल्वेने तसे केले नाही, हे तिला शोभले. पण भाडे चढले तर गिऱ्हाइकाने फरक द्यावा आणि उतरले तर शिष्टाचार पाळावा, हा न्याय आम्हांस पटण्याजोगा नाही.

जहाजाचे भाडे उतरते तरी का? जहाज सुटले की रिकाम्या खोलीचे मोल शून्य. उलट भरलेल्या खोलीतला प्रवासी भाड्याव्यतिरिक्त जहाजावरच्या दुकानांत, पेयांवर, किनाऱ्यावरच्या सहलींवर खर्च करतो. म्हणून खोली रिकामी नेण्यापेक्षा ती स्वस्तात भरणे कंपनीला परवडते. पूर्ण रक्कम भरण्याची मुदत जवळ आली की डळमळीत मंडळी आरक्षणे रद्द करतात, खोल्या परत येतात आणि भाव पुन्हा हलतो. चढाओढ लागली तर बोलावयासच नको. व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली तुतिकोरिन-कोलंबो मार्गावर स्वदेशी आगबोटी सुरू केल्या, तेव्हा इंग्रजी कंपनीने भाडे रुपयावर आणले. स्वदेशी कंपनी आठ आण्यांवर उतरली. त्यावर इंग्रजी कंपनीने फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊ केल्याचे प्रसिद्ध आहे. त्या छत्रीखाली स्वदेशी कंपनी बुडाली, ही गोष्ट निराळी.

आता अडचण राहिली ती निराळ्याच ठिकाणी. आमचे आरक्षण करणारा सुलतान बाजारातील गृहस्थ आमचा जुना विद्यार्थी. त्याची दलाली भाड्याच्या टक्क्यांवर. भाडे उतरविण्यासाठी पत्रव्यवहार त्याने करावा, तासन्‌तास फोन त्याने धरावा आणि काम फत्ते झाले की मिळकत त्याचीच घटावी! कंपनीपुढे आम्हांस संकोच नव्हता. या मुलापुढे होता. सासूबाई ‘शोभा’ म्हणाल्या त्यातला काही अंश येथे खरा होता.

तरी गेलो. त्याने वह्या पुढे ओढल्या आणि प्रथम आमचा अठ्ठावीस हजारांचा फुगा फोडला. बंदराचे शुल्क आणि कर उतरत नाहीत. उतरते ते केवळ खोलीचे भाडे. आणि डिसेंबरातील भाड्यासोबत किनाऱ्यावरची एक सहल मोफत होती, ती नव्या भाड्यात नव्हती. सहलीचे पैसे वजा जाता खरा लाभ एकोणीस हजारांचा. मुदत संपण्यास नऊ दिवस उरले होते; तीनंतर कंपनी रोख फरक देत नाही, मर्जी झाली तर जहाजावर खर्च करण्यापुरती रक्कम नावे लावते. हे सर्व त्याने सांगितले, आणि मग खाली पाहून म्हणाला, ‘सर, मी आजच लिहितो.’ त्याच्या दलालीचा विषय त्याने काढला नाही. आम्ही काढला, तर त्याने चहा मागविला.

चहा येईपर्यंत आम्ही विचारले, ‘खिडकीच्या खोलीचा आज काय भाव आहे रे?’

तोही उतरला होता. आमच्या जुन्या भाड्यात थोडी भर घातली की दोनांपैकी एक खोली समुद्राकडची होत होती, दुसरी आतलीच राहून स्वस्त होत होती, आणि एकंदर बेरीज डिसेंबरात ठरलेल्या आकड्याच्या जवळपास येत होती. दलालीही जवळपास तेवढीच. त्याने दोनदा आकडेमोड करून पाहिली. त्याच्या हिशेबात शंभर-दीडशेचा फरक होता, आमच्या हिशेबात सहल गेली होती. सहलीत सासूबाईंना चालवले नसतेच. चार दिवसांनी नवी पावती आली आणि उरलेली रक्कम आम्ही मुदतीच्या तीन दिवस आधी भरली.

घरी ही वार्ता सांगितली, तेव्हा पैसे परत मागितले नाहीत याचे सासूबाईंना समाधान वाटले. सौभाग्यवतींचे मत अद्याप राखून ठेवलेले आहे. समुद्राकडची खोली अर्थातच मायलेकींची; आम्ही आणि कन्या आतल्या खोलीत. सासूबाई आता रोज एक नवी शंका काढतात. लाटांचा आवाज येईल का, खारा वारा आत येईल का, पडाव जवळ आला तर हाक मारता येईल का. काल त्यांनी विचारले, ‘खिडकी उघडते ना रे?’

ती उघडत नाही, हे आम्ही त्यांना अजून सांगितलेले नाही.