हरणीचा खोंड

आमच्या गोठ्यात गाय व्याली की आबा वार पडायची वाट बघायचे नाहीत. ओल्या वासराची शेपटी उचलून आधी बघायचे. खोंड असला की आईला हाक मारून गूळ मागायचे. पाडी असली तर "बरं झालं, गाय सुटली," एवढंच म्हणून तंबाखू मळायला बसायचे.

आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं. पूर्वी हा मुलूख औंध संस्थानात होता, आटपाडी महाल म्हणायचे. इथल्या खिल्लार जनावराला जाणती माणसं अजून 'आटपाडी महाल' याच नावानं ओळखतात. खिल्लार गाय दूध देणार दोन-तीन लिटर, तेही वासरू पिऊन उरलं तर. दारात चार गाया आणि आमचा चहा मात्र शेळीच्या दुधाचा, हे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना काही केल्या उमगायचं नाही. आमच्या घरी गाईचं उत्पन्न म्हणजे दूध नव्हतंच. गाईचं उत्पन्न म्हणजे खोंड. "खोंडाला चारी सड, पाडीला दोन," हा आबांचा हिशेब. खोंडाला वर अंडं, वाटीभर तेल. पाड्या बिचाऱ्या बरगड्या मोजत वाढायच्या.

आनुवंशिकता हा शब्द आबांनी ऐकला नव्हता. पण वासरू सहा महिन्यांचं झालं की त्याची पाठ, पातळ कातडी, काळे मिटलेले खूर, शिंगांच्या मुळातलं अंतर, सगळं ते हात फिरवून बघायचे. मग त्याची आई आठवायची, आईची आई आठवायची. गावाचा वळू तीन वर्षांच्या वर ठेवायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. त्याच्याच पाड्या माजावर यायच्या आत तो दुसऱ्या गावाला द्यायचा आणि तिथला आपल्याकडं आणायचा. बाप-लेकीचा संबंध आला की रक्त पातळ होतं, असं ते म्हणायचे. पुढं पुस्तकात वाचलं तेव्हा शब्द वेगळे होते, गोष्ट तीच.

एक चूक मात्र सगळा माणदेश करायचा. पौषात खरसुंडीला सिद्धनाथाची जत्रा भरते, तिथं जनावरांचा मोठा बाजार. उपरण्याखाली हातात हात घालून, बोटं दाबून किंमत ठरायची. सगळ्यात देखणे खोंड तिथं जायचे आणि वर्ष-दोन वर्षांत कुठल्यातरी परक्या गावात बडवले जाऊन औताला लागायचे. त्यांचं रक्त तिथंच संपायचं. आमच्याकडं वळू म्हणून मागं राहायचा तो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या नंबरचा. मी एकदा आबांना हे बोललो. ते म्हणाले, "आरं, चांगला ठिवला तर खायाचं काय? वळूचं रक्त?"

मग दुधाचे दिवस आले. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळीकांचनला बायफ सुरू केली होती. परदेशी वळूचं रेत आणि देशी गाय, असा संकर. ते वारं आमच्याकडं पोचायला वेळ लागला, पण पोचलं. नायट्रोजनच्या डब्यात, उणे 196 अंशाला गोठवलेल्या कांड्या घेऊन एक जण मोटारसायकलवर यायचा. खरा डॉक्टर नव्हता, पण सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे.

1986 साली मी कॉलेजात होतो आणि मला सगळंच कळत होतं. हरणी नावाची आमची कालवड पहिल्यांदाच माजावर आली. अंगानं चणीची, हरणासारखीच. आण्णा म्हणाले, वळूकडं नेऊ. मी हट्ट धरला, डॉक्टरला बोलवा. तो आला. गाय बघून म्हणाला, "पहिलारू हाय, लहान हाय. जर्सीची घालू." मी म्हणालो, दूध कशाला जास्त? तो म्हणाला, होल्स्टीनला. मग तीच घाला, म्हटलं मी. तो आण्णांकडं बघत राहिला. आण्णा म्हणाले, "शिकलेलं पोरगं हाय, त्येला ठावं असंल." हे वाक्य मी आजवर विसरू शकलो नाही.

नऊ महिने हरणी तुकतुकीत दिसत होती. ज्या रात्री ती अडली, त्या रात्री आधी पुढचे दोन पाय दिसले आणि पुढं काहीच सरकेना. चौघांनी कासरा बांधून ओढलं. तिचं ओरडणं ऐकून आई घरात देवापुढं बसून राहिली. पहाटे तालुक्याहून पशुवैद्य आले, कोपरापर्यंत हात घालून त्यांनी वासराचं डोकं सरळ केलं, तेव्हा ते बाहेर आलं. काळंपांढरं, खिल्लार वासराच्या दीडपट. आबा काठी टेकत आले, सवयीनं शेपटी उचलली. "खोंड हाय," म्हणाले. गूळ काही मागितला नाही.

हरणीची मागची कंबर गेली. आम्ही तिला पोत्यांवर निजवायचो, दिवसातून चार वेळा कूस बदलायचो. अकराव्या दिवशी ती गेली.

ते पशुवैद्य पुढं माझे चांगले स्नेही झाले. त्यांनीच मला सांगितलं की जिथं मांसासाठी गुरं पाळतात, तिथं हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारतात. वासराचं वजन जन्मल्यावर घेतात, मग 205 दिवसांचं काढतात, मग वर्षाचं. पण नुसतं वजन वाढवत नेलं की वासरू गाईच्या कमरेतून निघेना होतं. बेल्जियन ब्लू नावाची दुप्पट स्नायूंची जात आहे, तिची बहुतेक वासरं पोट फाडूनच काढावी लागतात. म्हणून शहाणे पैदासकार जन्माला हलकं आणि पुढं झपाट्यानं वाढणारं, असं रक्त शोधतात. अमेरिकेतल्या ब्राह्मण जातीत आपली गीर, कांकरेज, ओंगोल आहे, आणि थोडी कृष्णाकाठची जातही आहे, असं ते म्हणाले तेव्हा मी चाट पडलो. कृष्णाकाठची म्हणजे आमच्याच सांगलीकडची, काळ्या मातीत जड नांगर ओढणारी. इथं ती शोधून सापडत नाही. तिकडं तिच्या रक्तावर मांस तोलतात.

हरणीच्या खोंडाला आण्णांनी शेळीच्या दुधावर वाढवला. पोरं त्याला 'साहेब' म्हणायची. तिसऱ्या वर्षी तो धिप्पाड झाला, पण वशिंड नावाला, त्यामुळं जू मानेवर ठरेना. चैत्रात दहा वाजले की जीभ बाहेर काढून सावलीला पळायचा. स्वभाव गरीब. आण्णांनी दोन हंगाम प्रयत्न केला आणि एक दिवस त्याला सांगोल्याच्या बाजारात नेलं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, घरी आणायचं, ही आपली रीत. संध्याकाळी आण्णा दावं घेऊन आले, खुंटीला अडकवलं आणि न जेवता निजले. कुणाला विकलं, हे मी विचारलं नाही. औताचं गिऱ्हाईक नव्हतं, एवढं दोघांनाही माहीत होतं.

खोटं कशाला बोलू, त्यानंतरही आम्ही संकरित गाया ठेवल्या. धाकट्या बहिणीचं लग्न, घरावरचा स्लॅब, माझं शेवटचं वर्ष, सगळं दुधावर झालं. डॉक्टर सांगायचा, परदेशी रक्त निम्म्याच्या आसपास थांबवा, पुढं ऊन सोसत नाही. कोण थांबणार? दर पिढीला लिटरभर दूध वाढताना दिसत होतं. फक्त खोंड झाला की आता घरात कुणी काही बोलायचं नाही. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही कायद्याच्या बंदीत आले, तेव्हा तर त्या वासरांना कसलंच गिऱ्हाईक उरलं नाही. रात्री कुणीतरी टेम्पोतून आणून माळावर सोडलेली दोन-तीन वासरं सकाळी रस्त्यावर दिसायची. कुणाची, हे गावात सगळ्यांना ठाऊक असायचं. एकदा त्यातलं एक आमचं होतं.

आता पुतण्या गोठा बघतो. शर्यतींना डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि खिल्लार खोंडाला भाव चढला. आबा औतासाठी खोंड निवडायचे, हा पळण्यासाठी निवडतो. दुधाच्या गाईंना मात्र लिंगनिश्चित रेताची कांडी, शंभरात नव्वद पाड्याच होतात. मागच्या आठवड्यात तो मोबाईल घेऊन माझ्याजवळ आला. वळवांचे फोटो, आईचं दूध, फॅट, सगळं आकड्यांत.

"काका, ह्या कालवडीला कुठली भरू? ह्याच्या आईचं दूध लई हाय."

"पहिलारू का?"

"व्हय."

"हिची आई कशी व्याली होती? सुटी, का ओढून?"

त्यानं परत मोबाईलात बघितलं. तिथं ते नव्हतं. मी चष्मा लावला, गोठ्यात गेलो आणि कालवडीच्या मागं उभा राहून तिच्या कमरेच्या हाडांवर हात ठेवला.