दीपनगरला कळणा मिळेना!

मंडळी, भुसावळहून दीपनगरला निघालात की औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या लांबूनच दिसतात. वसाहतीत नोकरदार कुटुंबे. थंडीत त्यांनाही भरिताची हौस. पण तिथल्या एका किराणा दुकानात कळण्याचे पीठ मागितले, तर पुढे आली मैद्याची पुडी! वांगी होती तीही लहान, रश्शाची. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते मोठे, हिरवे, कमी बियांचे वांगे आपल्याच जिल्ह्यात पिकते. दुकानदाराला दोष कसा द्यावा? माल नेऊन देणारेच कोणी नाही. बचत गटाच्या भगिनींनो, ज्वारीत सालासकट उडीद घालून दळा, किलोकिलोच्या पिशव्या बांधा आणि वांग्यांसोबत तिथे न्या. गिऱ्हाईक दारात उभे आहे.