तळ्यातील अदृश्य राखणदार

गेल्या पावसाळ्यात आमच्यावर एक लाजिरवाणा प्रसंग ओढवला. ठाणाकुशनूरच्या शिवारात मुलांसमवेत फिरत असता आठवीच्या एका विद्यार्थ्याने डबक्यातील गाळ काठीने ढवळला. भराभर बुडबुडे वर आले. "गुरुजी, हे काय?" आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर! अज्ञान कबूल करण्याचे धैर्य न होऊन "मासे श्वास सोडतात," असे आम्ही ठोकून दिले. मुलांचे समाधान झाले. आमचे झाले नाही.

घरी येऊन ग्रंथ चाळले. १७७६ साली इटलीतील माजोरे सरोवराकाठी व्होल्टा या शास्त्रज्ञाने असाच गाळ ढवळून वायू गोळा केला व तो पेटतो हे दाखविले. तोच मिथेन. प्राणवायू पोहोचत नाही अशा चिखलात पालापाचोळा कुजला म्हणजे सूक्ष्म जीव तो निर्माण करतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने पृथ्वीला तापविण्याची त्याची शक्ती कर्बद्विप्राणिदाच्या सुमारे २८ पट आहे.

परंतु निसर्गाने विषाशेजारीच उताराही ठेविला आहे. गाळ व पाणी यांच्या सीमेवर, जेथे खालून मिथेन व वरून प्राणवायू येतो, तेथे दुसरे जंतू वस्ती करतात. मिथेन हेच त्यांचे अन्न. त्यातील काही कर्ब ते देहबांधणीस लावतात, उरलेल्याचा कर्बद्विप्राणिद करतात. भाताच्या मुळांभोवतीही ते नांदतात. हे वाचताना आम्हांस आमच्या मुलखातील भातशेते व "चिखलांत वचूं नाका रे!" ही आईची कोंकणी हाक आठवली. त्या चिखलात केवढे कारखाने चालू होते!

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी भातशेतातून असा एक जंतू मिळविला. काकडीसारख्या आकारामुळे त्याचे नाव मेथिलोक्युक्युमिस ओरायझी. वेताळ टेकडीवरील दगडाच्या खाणीतही तो आढळला. ज्यांचे नाव संस्थेस आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर १८८४ साली मालवणात जन्मले, हे वाचून आम्हांस विशेष आनंद झाला.

विद्यार्थिमित्रहो, या राखणदारांस प्राणवायू हवा. आपण पाण्यात घाण टाकली, की ती कुजताना प्राणवायू संपतो. मिथेन वाढतो आणि राखणदार मात्र उपाशी गुदमरतात.

पुढील तासास आम्ही वर्गापुढे चूक कबूल केली. कोणी हसले नाही. तोच विद्यार्थी उठून म्हणाला, "मग गुरुजी, मी काठी घातली म्हणून तो वायू त्यांच्या हातून निसटला ना?"

"होय," आम्ही म्हणालो. या वेळी उत्तर देताना आमचा आवाज अडखळला नाही.